गच्चीवरचे पाणी, तळमजल्यावरची मोरी

दिवाळी अंकाच्या पानांवर गटाराचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. मागच्या पानावर करंज्यांचे सारण आणि पुढच्या पानावर वर्षाचे भविष्य असताना मध्येच कोणी मैलापाण्याची कथा सांगायला बसावे, म्हणजे पंगतीत एरंडेलाचे नाव काढण्यासारखेच झाले. पण वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण सारे जे अभ्यंगस्नान करतो, त्याचे पाणी अखेर जाते कुठे, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? मला पडला, आणि एकदा पडल्यावर त्याने माझी पाठ सोडली नाही.

त्या पहाटेचाच विचार करा. एरवी आपले शहर हप्त्याहप्त्याने आंघोळ करते. शाळेची मुले सहाला, नोकरदार सातला, आमच्यासारखी सेवानिवृत्त मंडळी वर्तमानपत्र संपल्यावर. नरकचतुर्दशीला मात्र साऱ्या नवी मुंबईत चार ते सहाच्या दरम्यान एकच झुंबड उडते. तेल, उटणे, मोती साबण, पायाखाली फोडलेले कारीट, आणि बादल्यांवर बादल्या पाणी एकाच वेळी हजारो मोऱ्यांतून खाली. तरी त्या पहाटे कुठे गटार तुंबल्याचे तुम्ही ऐकले आहे? मी तरी ऐकलेले नाही. उलट जुलैतल्या एखाद्या रात्री सारे गाव झोपलेले असते, कोणी आंघोळ करीत नाही, कोणी भांडी घाशीत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी तळमजल्यावरच्या मोरीच्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत वर येते. नळ तेच, उतार तोच, माणसेही तीच. मग हे पाणी आले कुठून?

मी वाशीला राहायला आलो त्याला चाळीस वर्षे होत आली. तेव्हा खाडीवर रेल्वे नव्हती, ती १९९२ साली आली. मुंबईच्या नातेवाइकांना आमचे घर म्हणजे परदेशच वाटे. ‘तिकडे काय आहे?’ असे ते विचारीत, आणि आम्ही अभिमानाने सांगत असू, ‘तिकडे रुंद रस्ते आहेत, आणि गटारे आखून केलेली आहेत.’ यातली दुसरी गोष्ट आमच्या पाहुण्यांना हसण्यासारखी वाटे. पण ती खरोखरच अभिमानाची होती. सिडकोची स्थापना १९७० सालच्या मार्च महिन्यात झाली आणि पारसिकचे डोंगर व ठाण्याची खाडी यांच्यामधल्या पट्टीवर नवे शहर वसवायला तिने घेतले, तेव्हा एक निर्णय सुरुवातीलाच झाला होता: मैल्याचे पाणी आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या वाटांनी न्यायचे. घरातले पाणी बंद नळातून शुद्धीकरणाला जाईल आणि पावसाचे पाणी उघड्या किंवा झाकलेल्या गटारांतून सरळ खाडीला. दोघांची गाठ पडता कामा नये.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे कळायला लंडन आणि पॅरिसकडे पाहावे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. मग जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनिअराने शहराखाली भव्य गटारे बांधली. ती आजही चालू आहेत. पण त्यांत मैला आणि पाऊस एकत्र वाहतात. पाऊस थोडा असला तर सारे पाणी शुद्धीकरणाला जाते. पाऊस वाढला की गटार भरते आणि घरांत पाणी उलटू नये म्हणून जादा पाणी, मैल्यासकट, नदीत सोडावे लागते. बॅझलजेटच्या काळी हे वर्षातून क्वचित व्हायचे. लोकवस्ती वाढली, अंगणांवर फरश्या आल्या, आणि पुढेपुढे बेताचा पाऊसही टेम्सला पुरेसा होऊ लागला. अखेर त्या लोकांना नदीच्या बाजूने २५ किलोमीटर लांबीचा, सात मीटरहून रुंद असा एक बोगदा खणावा लागला. जादा पाणी त्यात साठवायचे आणि मग सावकाश शुद्धीकरणाला न्यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला.

पॅरिसची कथा तर ताजी आणि काहीशी मजेची आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीत पोहण्याची शर्यत घ्यायची, अशी त्यांनी जिद्द धरली. जिथे १९२३ पासून पोहायला बंदी, ती नदी! त्यासाठी इतर पुष्कळ कामांबरोबर ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ पाच कोटी लिटर पाणी मावेल अशी एक प्रचंड जमिनीखालची टाकी बांधली. हेतू एवढाच की, सर आली की मिसळलेले पाणी नदीत न जाता टाकीत थांबावे. स्पर्धांच्या उद्घाटनालाच धो धो पाऊस पडला, तो दुसऱ्या दिवशीही राहिला, आणि ३० जुलैची पुरुषांची शर्यत पाणी दूषित म्हणून एक दिवस पुढे ढकलावी लागली. आणि आपल्याकडच्या जुलैतल्या एका चांगल्या सरीपुढे तो पाऊस म्हणजे सडासंमार्जनच!

तेव्हा ज्या चुकीपायी या मोठमोठ्या राजधान्यांना अब्जावधी खर्चावे लागले, ती चूक आपल्या गावाने जन्मतःच टाळली होती. वाटा दोन होत्या. मग आमच्या तळमजल्यावरच्या मोरीत काळे पाणी का?

याचे उत्तर देण्यापूर्वी या दोन वाटा मुळात कशा चालतात, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

पहिली वाट मैल्याची. आपल्या मोरीतले आणि संडासातले पाणी इमारतीच्या आवारातल्या चेंबरमध्ये उतरते, तिथून रस्त्याखालच्या नळात जाते. आमची जमीन सपाट आणि सखल, म्हणून नळांना उतार देता देता ते खोल खोल जातात; मग पंप लावून पाणी वर उचलावे लागते आणि शेवटी ते मलप्रक्रिया केंद्रात पोहोचते. महापालिकेची अशी केंद्रे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठिकठिकाणी आहेत. त्यांपैकी वाशीचे आणि नेरूळचे, प्रत्येकी, दिवसाला १० कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकेल एवढ्या ताकदीचे आहे. तिथे काही जादू होत नाही. जे काम दह्याचे विरजण दुधावर करते, त्याच जातीचे काम तिथले जिवाणू मैल्यावर करतात. एकाच टाकीत आधी हवा सोडतात, जिवाणू मैला खातात. मग हवा बंद करून टाकी स्वस्थ ठेवतात, गाळ खाली बसतो, आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. हे पाणी इतके चांगले असते की, कोपरखैरणे आणि ऐरोली येथे त्यातले प्रत्येकी २ कोटी लिटर आणखी गाळून कारखान्यांना देण्याची सोय केलेली आहे. मात्र विरजणाच्या भांड्यात कोणी एकदम चार कळशा पाणी ओतले तर? दही लागणार नाहीच, पण विरजणही वाहून जाईल. मलप्रक्रिया केंद्राचे नेमके तेच होते. ठरल्यापेक्षा जास्त पाणी आले की एक तर ते अर्धेकच्चे पुढे ढकलायचे, नाही तर वाटेतच नाल्यात सोडायचे. तिसरा मार्ग नाही.

दुसरी वाट पावसाची, आणि ती माझ्या मते या गावातली सर्वांत देखणी युक्ती आहे. आमच्या काही भागांची पातळी मोठ्या भरतीच्या पाण्याहूनही खाली आहे. असल्या जमिनीवरचे पावसाचे पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाणार कसे? उलट खाडीच आत येईल. म्हणून खाडीच्या काठाशी बांध घालून आत मोठे तलाव ठेवले, त्यांना इंग्रजीत होल्डिंग पाँड म्हणतात, मराठीत धारण तलाव. बांधात झडपा बसवलेल्या. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून झडप दाबून बंद करते. तेवढा वेळ शहरातला पाऊस तलावात थांबतो. सहा तासांत ओहोटी लागते, आतल्या पाण्याचा जोर बाहेरच्यापेक्षा वाढतो, झडप आपोआप उघडते आणि तलाव रिकामा होतो. वीज नको, पंप नको, राखणदारही नको. नगररचनेच्या पुस्तकांत हिला डच पद्धत म्हणतात.

म्हणोत बापडे! पण हॉलंडला न जाताही ही युक्ती इथल्या आगरी शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. खारजमिनीत भात पिकवायचे तर खाडीच्या बाजूला बांध हवा, आणि बांधात उघाडी हवी. उघाडी म्हणजे हीच झडप, लाकडाची. ओहोटीला ती उघडून शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला मिटून खारे पाणी बाहेरच राहते. बांधाला खांड पडली की सारे गाव टोपल्या घेऊन धावत असे. आणि भरतीची वेळ पाहायला त्यांना वर्तमानपत्र लागत नसे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी कधीकधी छापील वेळेशी ताडून पाहतो; थोडेफार मागेपुढे होते, पण हिशेब फसत नाही. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आणि मिठागरांवर आपली घरे उभी आहेत, त्यांचे हे ज्ञान आपण डच नावाने परत शिकलो, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. दोन वाटांची गाठ पडते कुठे? कोणी म्हणेल रस्त्याखाली, कोणी म्हणेल खाडीवर. मी म्हणतो, आपल्या आवारात.

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, चाळीस बिऱ्हाडांची. तळमजल्यावर एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, सून नोकरी करते, नातू शाळेत. दर पावसाळ्यात दोन-तीनदा त्यांच्या मोरीतून पाणी वर येई. आजींनी खाटेच्या पायांखाली विटा घातल्या होत्या, तांदळाचा डबा उंच फळीवर ठेवला होता आणि मोरीच्या जाळीवर पाटा पालथा घालून त्यावर वरवंटा ठेवण्याचा शोधही लावला होता. वरच्या मजल्यांवरची मंडळी हळहळत. ‘तळमजला घेतला की असं व्हायचंच,’ असे एक गृहस्थ मला जिन्यात म्हणाले. जणू तळमजला हे पूर्वजन्मीचे फळ! महापालिकेचे लोक येऊन रस्त्यावरचा नळ यंत्राने साफ करून गेले. नळात विशेष काही नव्हते. पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच.

मग एका वर्षी जुलैत आवारातले चेंबर भरून वाहिले. त्याच्यापासून चार हातांवर पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आहे, आणि तिचे झाकण जमिनीच्या सपाटीला होते. ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीत तीन घरी कावीळ झाली. त्यात आजींचा नातू होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली होत्या. त्या मजल्यावर काळे पाणी काही चढले नव्हते. ते नळाने, पंपाने, स्वच्छ ग्लासातून चढले होते. डॉक्टरांनी विचारले, ‘महिन्याभरात पाण्यात काही गडबड झाली होती का?’ तेव्हा कुठे साऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर पंधरा दिवस ते दीड महिना गप्प बसतो. म्हणूनच पावसाचा आणि दुखण्याचा संबंध कोणाच्या सहज लक्षात येत नाही. मुले बरी झाली, पण एकीचे शाळेचे सारे सहामाही बुडाले.

यानंतरच्या सभेला प्रथमच गणसंख्या भरली. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण इंजिनिअर बाई राहतात. त्या म्हणाल्या, ‘आपण आधी रंग टाकून पाहू.’ होळीचा उरलेला हिरवा रंग बादलीत कालवून त्यांनी गच्चीवरच्या पन्हळीत ओतला, आणि खाली आम्ही पाचसहा जण आवारातल्या सगळ्या गटारांची झाकणे उघडून बघत उभे राहिलो. पावसाळी गटारात हिरवा थेंब नाही. मैल्याच्या चेंबरमध्ये मात्र मिनिटाच्या आत हिरवेगार पाणी! पूर्वी कधी तरी गच्चीची दुरुस्ती झाली, तेव्हा कंत्राटदाराने पावसाचा पाइप पावसाळी गटारापर्यंत नेण्याची खटपट वाचवली होती आणि जवळच्या चेंबरमध्ये खुपसून तो मोकळा झाला होता. वरून सिमेंट. कोणाला दिसणार?

बाईंनी मग फळ्यावर हिशेब मांडला, तो इथे देतो; तुम्हांला आपापल्या इमारतीसाठी करता येईल. आमच्याकडे अजमासे १८० माणसे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले, त्यातले ऐंशी टक्के गटारात जाते असे धरले, तर दिवसाकाठी इमारतीचे मैलापाणी झाले १९ हजार लिटरांच्या वर थोडे. म्हणजे तासाला सरासरी ८०० लिटर. सकाळच्या घाईत याच्या तिप्पट येईल असे गृहीत धरून नळ टाकतात, म्हणून अभ्यंगस्नानाची झुंबडही तो पोटात घेतो. आता गच्ची पाहा. ५०० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस, जो आमच्याकडे दर पावसाळ्यात केव्हा ना केव्हा पडतोच, म्हणजे त्या एका तासात २५ हजार लिटर. सकाळच्या गर्दीच्या दहा पट पाणी, आणि तेही रात्री दोन वाजता! ते पुढे जागा न मिळाल्याने मागे फिरते आणि जिथे सर्वांत खालचे तोंड असेल तिथून वर येते. ते तोंड आजींच्या मोरीचे. आमच्या डोक्यावर पडलेले पाणी आम्ही चाळीस वर्षांच्या सौजन्याने त्यांच्या घरात सोडत होतो.

तरीही सभेत वाद झालाच. वाद झाला नाही तर ती सोसायटीची सभा कसली! ‘ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांनी खर्च करावा,’ असे एकाने सुचवले. ‘पाइप काढला की रस्त्यावर पाणी साचेल,’ असे दुसऱ्याने. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलींची आई शांतपणे उठून म्हणाली, ‘पाणी कोणाच्या घरात येतं ते मला ठाऊक झालंय.’ त्यानंतर विषय पैशांवर आला. घरटी ८०० रुपये पडले. तेवढ्यात पाइप तोडून पावसाळी गटाराला जोडला, काही पाणी शोषखड्ड्यात वळवले, आणि टाकीचे झाकण हातभर उंच चौथऱ्यावर चढवले. आजींचा पाटा-वरवंटा पुन्हा वाटणाच्या कामी लागला आहे.

आमच्यासारख्या किती इमारती असतील? मला आकडा देता येणार नाही, पण एका उपनगरात शंभर गच्च्यांनी असा पाइप खुपसला तर पंपघरात काय गोंधळ होईल, याची कल्पना करायला इंजिनिअर असावे लागत नाही. त्यात आणखी एक जुनी खोड. आवारात पाणी तुंबले की कोणी तरी उत्साही गृहस्थ पहार घेतो आणि मैल्याच्या चेंबरचे झाकण उचलतो. पाणी भसकन उतरते, टाळ्या पडतात. आणि पुढच्या गल्लीत ते मैल्यासह वर येते. शिवाय उघडे झाकण म्हणजे मृत्यूचा सापळा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर एल्फिन्स्टन रोडच्या बाजूला साचलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले होते. पाण्याखाली मॅनहोल उघडे होते. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ज्याने कोणी ते झाकण काढले असेल, त्याच्या मनात पाणी लवकर ओसरावे यापलीकडे काही नसणार.

उलट दिशेची गाठही आहे. मैल्याचे पाणी पावसाळी गटारात. एखाद्या दुकानाचे, टपरीचे, मागाहून बांधलेल्या संडासाचे तोंड जवळच्या उघड्या गटाराला जोडून दिलेले असते. गावठाणांच्या अरुंद गल्ल्यांत नळ टाकायचे कामही सोपे नाही. तिथली घरे आधीची आणि नळ मागाहून आलेले. अशा गटारात उन्हाळ्यातही काळी धार वाहताना दिसते. पावसाळी गटार उन्हाळ्यात वाहत असेल तर त्यातले पाणी ढगातले नव्हे, एवढे ओळखायला पुरे. ही धार शुद्धीकरणाला जात नाही. ती धारण तलावात उतरते आणि तिथून झडपेवाटे खाडीला मिळते. २०२० च्या देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात आमच्या शहराला तिसरा क्रमांक मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण तो रस्त्यांवरून चालताना जितका वाटतो, तितका तलावाच्या काठी उभे राहिल्यावर वाटत नाही.

कारण तलावांची दशा वेगळीच गुंतागुंतीची झाली आहे. पारसिकच्या डोंगरावरून पावसाबरोबर माती येते, खाडीतून भरतीबरोबर गाळ येतो, आणि आपण वरून प्लास्टिक घालतो. वर्षानुवर्षे साचून तलाव उथळ झाले. उथळ तलाव म्हणजे लहान भांडे; भरतीचे तास संपण्यापूर्वीच ते काठोकाठ भरते आणि पाणी गटारांतून उलट सेक्टरांत शिरते. झडपेत ओंडका किंवा गाळ अडकला तर भरतीही आत येते. मग गाळ काढावा की! तर त्या गाळात खारफुटी रुजली आहे. खारफुटी म्हणजे खाडीच्या काठाची तटबंदी, मासळीचे पाळणाघर. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून तिला हात लावता येत नाही. हा निकाल योग्यच आहे. तो नसता तर तलाव साफ करण्याच्या मिषाने तलावच बुजवून त्यावर मनोरे चढवणारे कमी नाहीत. पण पूर अडवण्यासाठी खणलेल्या तलावातला गाळ आणि खाडीकाठचे जुने जंगल यांत फरक करून, मोजून, न्यायालयापुढे नीट मांडून काम करून घेणे, हे चिवट कागदी काम कोणी तरी वर्षानुवर्षे करीत राहिले पाहिजे. त्यात फीत कापायला काही नसते, म्हणून ते मागे पडते असा माझा अंदाज आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम सत्तरच्या पुढे. खाडीच्या या बाजूलाही दाणादाण उडाली. तेव्हापासून आम्ही आकाशाला दोष द्यायला शिकलो. तेवढा पाऊस पडला तर कोणतेही गटार पुरणार नाही, हे खरे. परंतु आजींच्या मोरीला ९४४ मिलिमीटर लागत नव्हते. तिला पन्नास पुरत होते, आणि पन्नासाचा बंदोबस्त आपल्या हातातला आहे.

हे सारे पाणी अखेर ज्यांच्या दारी जाते, त्यांना भेटावे म्हणून मी एकदा बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात गेलो. धक्क्यावर जाळे सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या दादांशी बोलणे झाले. पूर्वी किनाऱ्याजवळच जिताडा, बोय आणि चिंबोऱ्या पुष्कळ मिळत, आता होडी लांब न्यावी लागते आणि जाळ्यात निम्मे प्लास्टिक येते, असे ते म्हणाले. पाऊस मोठा झाला की दोन-तीन दिवस आम्ही जाळे टाकतच नाही, असेही म्हणाले. मी कारण विचारले. त्यांनी मला क्षणभर निरखले आणि उलट विचारले, ‘तुम्ही राहता कुठं?’ मी सेक्टर सांगितला. ते हसले, आणि दोरा दातांनी तोडून पुढच्या फासाला लागले. याच खाडीचा ठाण्याकडचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर करारातली पाणथळ म्हणून जागतिक मान्यता मिळाली. हिवाळ्यात आम्ही नातवंडांना घेऊन ते गुलाबी थवे पाहायला जातो. पक्षी ज्या चिखलात चोच घालून खातात, तो चिखल भरती-ओहोटीबरोबर याच पाण्याने भिजतो.

वाचकांपैकी कोणाला आपल्या इमारतीत रंग टाकून पाहायचा असेल तर दोन सूचना. रंग साधा, खाण्याचा किंवा होळीचा नैसर्गिक घ्यावा, आणि कोरड्या दिवशी सकाळी उशिरा, मोऱ्यांची गर्दी ओसरल्यावर टाकावा. म्हणजे पाणी ओळखता येते. आणि चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नये. काठावरून पाहिले तरी दिसते. आत विषारी वायू असतो, माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो; आणि २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला असे उतरवणे हा गुन्हा आहे. आमच्याकडे एकजण ‘शंभर रुपये दिले की कोणी तरी उतरेल’ असे म्हणाला होता. त्याला बाईंनी जे उत्तर दिले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

या पावसाळ्यात आजींच्या मोरीत एकदाही पाणी आले नाही. आमच्या भिंतीला लागून असलेल्या इमारतीत मात्र दोनदा आले. त्यांची गच्ची आमच्यापेक्षा मोठी आहे. मी त्यांच्या सेक्रेटरींना फळ्यावरचा हिशेब कागदावर उतरवून दिला, हिरव्या रंगाची उरलेली पुडीही दिली. त्यांची सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे.